दुसरं इंजिन

पारसनीस संग्रहालयाच्या दारातच थांबले.

"तुम्ही दोघी बघून या," ते म्हणाले. "मी इथे बाकावर बसतो. गुडघा आज जरा बोलतोय."

"बसायला आतही काहीतरी असेलच," हेमावहिनी म्हणाल्या. "चला, भावोजी."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. वहिनींचा आवाज कधीच चढत नसे. सांगलीच्या मुलींच्या शाळेत सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली, तरी चढला नाही. पारसनीसांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, डोक्यावरची लोकरी टोपी काढून कोटाच्या खिशात कोंबली आणि ते आमच्यामागून आत आले.

ही दोन हजार चार सालच्या एप्रिलमधली गोष्ट. माझी मुलगी मृण्मयी तेव्हा म्यूनिकला राहायची. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी गेले होते आणि जाताना वहिनींना सोबत नेलं होतं. आई आदल्या वर्षी गेली होती. सांगलीच्या घरात वहिनी एकट्याच उरल्या होत्या.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझा भाऊ, फ्लाइट लेफ्टनंट श्रीरंग दिघे, एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानातल्या एका तळावरून उडाला आणि परत आला नाही. पारसनीस त्याच सकाळी त्याच्या जोडीच्या विमानात होते. आम्हाला तार आली तिच्यात 'बेपत्ता' एवढाच शब्द होता. 'मरण पावले' असं कुणी कधीच लिहून दिलं नाही, आणि त्या न लिहिलेल्या शब्दावर आमचं घर पुढची तीसेक वर्षं उभं राहिलं.

लढाई संपल्यावर जानेवारीत पारसनीस दादाची ट्रंक घेऊन सांगलीला आले होते. पंचविशीचा, अंगाने किडकिडीत, दाढी नीट न केलेला माणूस. आईने त्यांना पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. त्यांचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "छत्री उघडली का रे?"

"हो, आई," पारसनीस म्हणाले. "उघडली. मी बघितली."

मी तांब्या-भांडं घेऊन आईच्या मागे उभी होते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते मी. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्या दोन शब्दांनी घरात पुन्हा श्वास सुरू झाला, असं मला वाटलं.

त्यानंतर दादा कुठेतरी होता. सीमेपलीकडच्या कुठल्या तरी तुरुंगात, कुठल्या तरी दुसऱ्या नावाने. वडील आधीच गेलेले, त्यामुळे शोधायचं काम माझ्याकडे आलं. दिल्लीच्या खेपा मी केल्या. सुटून आलेल्या कैद्यांना भेटायला अमृतसरला मी गेले, दादाचा फोटो त्यांच्यासमोर मी धरला. एकाने मान हलवली, पण तो प्रत्येकाच्या फोटोला मान हलवत होता. लग्न झालं, मूल झालं, तरी हे थांबलं नाही. मी मनातल्या मनात दादाला दर वर्षी एका वर्षाने मोठा करायची. कानशिलावरचे केस पांढरे केले. पुढे चष्मा दिला. साठीला आला तेव्हा खांद्यात थोडा वाकवला, कारण आमचे वडील तसे वाकले होते. रस्त्यात कुणी दिसला, तर मला तो दादा म्हणून ओळखू यायला हवा ना.

म्यूनिकमध्येही तेच झालं. मी आणि वहिनी बाळाला गाडीत घालून ट्रॅमने बाजारात निघालो होतो. पुढच्या दारापाशी एक म्हातारा उभा होता. करड्या रंगाचा कोट, वाकलेला खांदा आणि डावा कान दादासारखा, वरून किंचित दुमडलेला. ट्रॅम थांबली, तो उतरला आणि मीही उतरले. गाडीचा दांडा माझ्या हातात होता, तो मी सोडला. म्हातारा एका बेकरीच्या दाराशी वळला तेव्हा त्याचा चेहरा दिसला. तो दुसराच कुणीतरी होता. मागे वळून बघते तर ट्रॅम निघून गेलेली. पुढच्या थांब्यावर वहिनी बाळाची गाडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. घरी आल्यावर मृण्मयीलाही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात जेवताना जावई म्हणाले, "आई, इथे जवळच्या संग्रहालयात आपलं एक विमान आहे, माहितीये? मरुत."

मरुत हे नाव आमच्या घरात देवाच्या नावासारखं होतं. बंगळुरात बांधलेलं आपलं पहिलं लढाऊ जेट. एका जर्मन अभियंत्याने तिथे राहून त्याचा आराखडा केला होता, म्हणून नंतर त्यातलं एक इकडे आणून ठेवलेलं. आपल्याकडे ते केव्हाच सेवेतून गेलं होतं. दादा तेच उडवायचा.

वहिनी बाळाच्या दुपट्याची घडी घालत होत्या. ती त्यांनी पुरी केली, बाजूला ठेवली आणि मग विचारलं, "वसू, पारसनीसांचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

होता. पारसनीस निवृत्तीनंतर आणि बायको गेल्यानंतर मुलाकडे ऑग्सबर्गला येऊन राहिले होते. आमच्या घरी ते त्या जानेवारीनंतर कधी आले नाहीत, पण दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. तो मीच घ्यायची. दर वर्षी मी त्यांना एकच विचारायची: वारा कुठला होता? ते म्हणायचे, पश्चिमेचा. मग मी नकाशा काढून बसायची. पश्चिमेचा वारा असेल तर छत्री कुठल्या गावाकडे गेली असेल, ते बघत.

म्हणून त्या दिवशी मी फार उत्साहात होते. विमान समोर असेल, पारसनीस शेजारी असतील, आज सगळं नीट विचारून घेता येईल असं मला वाटत होतं. वहिनींना दादाचं विमान एकदा डोळ्यांनी बघायचं असेल, इतकाच अर्थ मी त्यांनी पारसनीसांना फोन करून बोलावण्याचा लावला होता.

आत हँगर गार होता. रबराचा, तेलाचा आणि बंद लोखंडाचा वास. आधी कापडाची आणि लाकडाची जुनी विमानं होती, पहिल्या महायुद्धाच्या काळातली, चार माणसांनी उचलून नेता येतील इतकी हलकी. पुढे जेट. पूर्व जर्मनीचं मिग आणि पश्चिम जर्मनीचं स्टारफायटर अगदी जवळजवळ उभी होती. एकेकाळी एकमेकांवर रोखलेली ती विमानं आता एकाच दोरीच्या आत होती. एका मंचावर मधोमध कापलेलं इंजिन ठेवलं होतं, आतली पाती दिसावीत म्हणून. एक कुटुंब त्याच्यासमोर फोटो काढत होतं. पारसनीस प्रत्येक विमानापाशी रेंगाळत होते आणि पाटीवरचं जर्मन आम्हाला वाचून दाखवत होते. इतकं सावकाश, की मला त्यांचा कंटाळा आला.

मरुत शेवटी होतं.

ते इतकं लांब असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडच्या फोटोत फक्त नाक आहे आणि नाकाला टेकून उभा असलेला दादा. इथे ते अख्खं होतं. टोकदार नाक, दोन्ही बाजूंना हवा घ्यायची तोंडं, मागे ओढून घेतल्यासारखे पंख, आणि शेपटाशी शेजारीशेजारी दोन काळी भोकं. काच मिटलेली होती. आत एकाच माणसाची जागा.

वहिनी दोरीपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. पारसनीस आमच्याकडे पाठ करून शेजारच्या विमानाची पाटी वाचू लागले होते.

"भावोजी," वहिनींनी हाक मारली. "गोळा कुठे लागला?"

ते वळले. "वहिनी, इतक्या वर्षांनी आता ते..."

"दाखवा."

त्यांनी हात वर केला, पण बोट दोरीच्या बाहेरच राहिलं. "तिकडे. मागच्या बाजूला, उजव्या इंजिनाच्या पोटात. आम्ही हल्ला करून वर येत होतो. खालून मारा चालू होता. धूर आला आणि मग ज्वाळा."

"उजव्या म्हणजे? इंजिनं किती असतात ह्याला?"

"दोन. शेजारीशेजारी." ते थोडे मोकळे झाले. यंत्राबद्दल बोलणं त्यांना सोपं जात असावं. "लहानशीच इंजिनं, पण इमानी. बाकीच्या कितीतरी विमानांना एकच असायचं, ते गेलं की संपलं. ह्याचं एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता यायचं. आलेतही लोक तसे. आम्हाला त्या दुसऱ्या इंजिनाचा फार भरवसा होता."

"म्हणजे यांचं दुसरं चालू होतं."

"होतं."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"मागे. डावीकडे, जरा वरच्या अंगाला."

"तिथे उभे राहा."

"वहिनी, हँगरमध्ये ते मावणार नाही. खूप अंतर असतं."

"मावेल तितकं. तुम्हाला जसं दिसत होतं तसं दिसायला हवं."

मला वाटलं, त्या चित्र मनात बसवून घेतायत. बरं वाटलं. इतकी वर्षं त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. दिल्लीच्या खेपांना त्या मला डबा बांधून द्यायच्या, परत आले की पाणी तापवून द्यायच्या, पण काय झालं म्हणून कधी खोदून विचारायच्या नाहीत. मी ते त्यांचं दुःख समजायची.

पारसनीस दोरी ओलांडून गेले. मरुत आणि शेजारच्या विमानाच्या मधे एक अरुंद जागा होती, तिच्यातून मागे मागे जात डाव्या पंखाच्या पलीकडे थांबले. लगेच संग्रहालयाची एक बाई आली, निळा अंगरखा घातलेली, माझ्याच वयाची. तिने जर्मनमध्ये काहीतरी बजावलं. पारसनीसांनी तिला दोनच वाक्यं सांगितली. तिने विमानाकडे बघितलं, मग वहिनींच्या कपाळाकडे, साडीकडे. गेली आणि थोड्या वेळाने एक घडीची खुर्ची आणून त्यांच्याशेजारी उघडून ठेवली. परत गेली. पारसनीस बसले नाहीत, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"आता तिथून यांचं डोकं दिसतं का?" वहिनींनी विचारलं.

"काच दिसते. काचेत हेल्मेट दिसायचं. पांढरं."

"शेवटपर्यंत दिसत होतं?"

मला राहवेना. मी दोरीवर पुढे वाकले आणि म्हणाले, "पारसनीस, आणि छत्री नेमकी कुठल्या बाजूला गेली? ह्या पंखाकडून की पलीकडून? वारा पश्चिमेचा म्हणता ना तुम्ही, मग ती..."

"वसू," वहिनी म्हणाल्या, "थांब जरा."

पारसनीसांच्या हातातली खुर्ची फरशीवर घासली गेली. मी बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मला वाटलं, त्यांना काहीतरी होतंय. मी दोरीखालून आत जायला निघाले, तर त्यांनी हाताने अडवलं.

"काही नाही," ते म्हणाले. "काही नाही झालं. तो... तो हेच म्हणाला होता."

"काय?" वहिनींनी विचारलं.

"थांब जरा." ते त्या मिटलेल्या काचेकडे बघत होते. "मी रेडिओवर ओरडत होतो. बाहेर पड, बाहेर पड. इंग्रजीत. रेडिओवर मराठी बोलायची नाही, असा नियमच होता. आणि तो मराठीत म्हणाला, 'थांब जरा, दुसरं चालतंय.' तुम्ही आता म्हणालात ना, अगदी तसं. घरात कुणी म्हणतं तसं. घाई नाही, काही नाही."

पलीकडे ते कुटुंब हसत होतं.

"वाळवंटात सीमेची रेघ नसते," पारसनीस पुढे बोलू लागले. आता ते आमच्याशी बोलत होते की नाही, कळत नव्हतं. "आमची खूण म्हणजे एक कोरडा तलाव. तो ओलांडला की आपली हद्द. तो समोर दिसत होता. त्याला तिथवर यायचं होतं, मग उडी मारायची. आपल्या लोकांत. पकडलं जायचं नव्हतं त्याला. दुसरं इंजिन चालू होतं, त्याचा हिशोब चुकलेला नव्हता, वहिनी. मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण आग पलीकडे पोचली असणार. विमान उजवीकडे कललं, पालथं झालं. फार वेळ नाही लागला."

"काच उघडली?" वहिनींनी विचारलं.

आता त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. वहिनींकडे नाही, माझ्याकडे.

"नाही."

"छत्री?"

"नाही, वहिनी. मी वर घिरट्या घालत राहिलो, तेल संपत येईपर्यंत. खाली नुसती आग होती."

मी ते ऐकलं. शब्द कळले, पण ते कुठे ठेवायचे ते कळेना. "पण तुम्ही बघितली होतीत," मी म्हणाले. "आईला सांगितलंत तुम्ही. माझ्यासमोर सांगितलंत. उघडली म्हणालात."

"तुझी आई मला विचारत नव्हती गं, वसुधा," पारसनीस म्हणाले. "माझे हात धरून ती मागत होती. मी हो म्हणून बसलो. वरिष्ठांना मी खरं तेच सांगितलं होतं. मला वाटलं, चार दिवसांत सरकारकडून पत्र येईल, त्यात कळेल. माझ्या तोंडून नको. पण विमान पलीकडच्या हद्दीत पडलेलं. कुणी ते बघितलं नाही, कुणी काही परत दिलं नाही. कागदावर तो बेपत्ताच राहिला. मग दर दिवाळीला तू वारा विचारायचीस. आणि घरात कुणी 'थांब जरा' म्हटलं की मी उठून बाहेर जायचो. माझी बायको विचारून विचारून थकली, शेवटी तो शब्दच तिने सोडून दिला."

माझ्या मनात आधी वहिनी आल्या. त्यांच्या कपाळावरचं कुंकू, गळ्यातलं मंगळसूत्र. आता ह्या कोसळतील असं वाटून मी त्यांना धरायला वळले. त्या कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या.

"वहिनी, ऐकलंत तुम्ही?"

"मला माहीत होतं, वसू."

"काय माहीत होतं? केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. भावोजी 'उघडली' म्हणाले तेव्हा त्यांनी आईंकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं. ट्रंक आत ठेवायला आले तेव्हाही नाही. आणि नंतर पुन्हा कधी घरी आले नाहीत." "जिवंत माणसाच्या घरी मित्र येतात गं."

पारसनीस खुर्चीवर बसले. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं, तर मला एकदा तरी..."

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं आता खरं सांगून टाकावं. आणि तुम्ही आईंना सांगितलं असतंत." वहिनी माझ्याकडे वळल्या. "तू त्या दिवशीचं सगळं सांगतेस, पण रात्रीचं तुला आठवत नाही. आईंनी तार आल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा भाताला हात लावला. मी वाढत होते. काय बोलणार होते मी?"

"आणि देवल सर?" मी विचारलं. देवल सर वहिनींच्या शाळेतले. भला माणूस. त्यांनी लग्नाचं विचारलं होतं, वहिनी तेव्हा तिशीच्या आतबाहेर होत्या. वहिनींनी नाही म्हटलं आणि आईने सगळ्या गल्लीत कौतुकाने सांगितलं होतं, माझी सून नवऱ्याची वाट बघतेय.

"देवल सरांना मी हो म्हटलं असतं," वहिनी म्हणाल्या, "तर आईंना कळलं असतं."

मला राग आला. दादा गेल्याचं दुःख नंतर येणार होतं, आधी नुसता राग आला, वहिनींचा. मी दोरीकडेने चालत विमानाच्या नाकापाशी गेले. तिथे थांबता येईना म्हणून परत शेपटाकडे आले. अमृतसरच्या त्या स्टेशनवर मी उन्हात फोटो धरून उभी होते, तेव्हा ह्यांना माहीत होतं. मिरजेला एका भिकाऱ्याच्या मागे मी नदीपर्यंत गेले होते, तेव्हाही माहीत होतं. ह्यांनी डबा बांधून दिला.

"मला का नाही सांगितलंत?" मी परत येऊन विचारलं. "आईचं समजू शकते. मला का नाही?"

"तू आईंजवळ निजायचीस. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं." मग त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "आई गेल्यावर सांगणार होते. त्यांच्या तेराव्याला तू म्हणालीस, आता दादाला सांगायला हवं, आई गेली म्हणून. मग माझी जीभ उचलली नाही. परवा ट्रॅममध्ये मात्र तू बाळाच्या गाडीचा दांडा सोडलास. मी धरला नसता तर दार लागताना गाडी उलटली असती. तेव्हा ठरवलं. मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, वहिनी थकल्या, आशा सोडली. भावोजींच्या तोंडून यायला हवं होतं. आणि फोनवर ते पुन्हा वारा पश्चिमेचाच म्हणाले असते. ह्याच्यासमोर म्हणणार नाहीत, असं वाटलं." त्यांनी विमानाकडे मानेने दाखवलं.

मी पारसनीसांना एकच विचारलं. "त्याला कळलं असेल?"

"इंजिन चालू आहे, एवढंच त्याच्या मनात होतं," ते म्हणाले. "त्याच्या आवाजात दुसरं काही नव्हतं. हे मी तुला खोटं सांगत नाही."

ती निळ्या अंगरख्याची बाई पुन्हा आली, तेव्हा मी खाली फरशीवर बसले होते. केव्हा बसले ते आठवत नाही. तिने माझ्या दंडाला धरून उठवलं आणि बोटाने उपाहारगृहाची दिशा दाखवली.

पुढे त्याच डिसेंबरात आम्ही सांगलीला दादाचं सगळं रीतसर केलं. गुरुजींनी तिथी विचारली, ती वहिनींनी सांगितली. पारसनीस त्यासाठी जर्मनीहून आले आणि आमच्याकडे आठवडाभर राहिले. पण माझ्यापुरता दादा गेला तो त्या दुपारी, त्या उपाहारगृहातल्या खिडकीजवळच्या टेबलावर. बाहेर जुनी धावपट्टी होती, तिच्यावर गवत माजलं होतं. पारसनीसांनी तिघांना कॉफी आणली. वहिनींनी पिशवीतून डबा काढला. मृण्मयीसाठी केलेले डिंकाचे लाडू त्यांनी येताना भरून घेतले होते. त्यांनी एक पारसनीसांच्या हातावर ठेवला, एक माझ्यापुढे सारला.

"आता बाकीचं सांगा, भावोजी," त्या म्हणाल्या.

"बाकीचं काय?"

"त्या सकाळचं. काय खाल्लं, काय बोलले. मला तेवढं कधी कुणाला विचारता आलं नाही."

पारसनीस लाडू हातात धरून बसले. मग म्हणाले, "थंडी होती कडाक्याची. तंबूत चहा गार होऊन जायचा. श्रीरंगने माझंही ऑम्लेट खाल्लं, म्हणाला, तुझ्या पोटात फुलपाखरं असतील, त्यांना कशाला अंडी घालतोस. मला खरंच काही खाणं जात नव्हतं. आणि मग विमानापाशी गेलो, तर हा शिडीच्या खाली उभाच. चढेचना. मला वाटलं, इंजिनात काही दिसलं की काय ह्याला. जाऊन बघतो तर शिडीच्या वरच्या पायरीवर पाल. वाळवंटातली, जाडजूड. मेकॅनिकने तिला फडक्याने हाकललं तेव्हा कुठे साहेब वर चढले. तळावरचे सगळे हसत होते. तो स्वतःही हसत होता, वरून हात करत."

वहिनींच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पालीला फार घाबरायचे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. आमच्या घरात दादा घाबरतो, दादा गातो, दादाला वांगं आवडत नाही. तीसेक वर्षं तसंच बोलणं होतं, आई तसंच बोलायची, मीही. वहिनी अशा वेळी गप्प असायच्या, हे मला त्या टेबलावर लक्षात आलं. त्यांच्या तोंडून दादाबद्दल हे 'घाबरायचे' मी पहिल्यांदा ऐकत होते आणि त्या ते किती सहज बोलल्या होत्या, जणू रोज मनात बोलत असाव्यात.

पारसनीस कॉफी ढवळत होते. दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. मी लाडू फोडला, एक तुकडा तोंडात टाकला.

"मोरीत पाल दिसली," मी म्हणाले, "की दादा मला आधी आत पाठवायचा."

"तू जायचीस?" पारसनीसांनी विचारलं.

"जायची. केरसुणी घेऊन. आणि हा बाहेर टॉवेल गुंडाळून स्टुलावर उभा असायचा."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते मी बघितलं नाही. मी पुढचं सांगू लागले होते.